जुन्या शिडाची प्रवासी पिशवी

शीड हातात आलं की लगेच कात्री चालवू नका. आधी गोड्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. समुद्राचं मीठ राहिलं की पिशवीची चेन अडकते. माझी पहिली पिशवी अशीच वाया गेली.

वाळल्यावर कापड दोन्ही हातांनी ओढून बघा. टरकन फाटलं तर तो भाग उन्हाने खाल्लाय, सोडून द्या.

मी डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टरचं शीड घेते. खाली काच ठेवून सोल्डरिंगच्या, म्हणजे तारा डाखायच्या हत्याराच्या तापलेल्या टोकाने कापते. कडेचे धागे वितळून बंद होतात, दुमडायची कटकटच नाही. धूर मात्र वाईट, खिडक्या उघड्या हव्यात. टाचण्या अजिबात नकोत, या कापडाला पडलेलं भोक बुजत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा. सुई 16 किंवा 18 नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा, टाका 4 मिलिमीटरचा. बारीक टाके घातले तर शिवणीवर तिकिटासारखं फाटतं.

शिडावरचा होडीचा नंबर दर्शनी बाजूला येऊ द्या. गंजाचा डागही मी काढत नाही, खरं तर गिऱ्हाईक तोच आधी बघतं.

पिशवी उलटवताना कापड अडून बसतं. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा द्या, मग कोपरे बोथट चमच्याने बाहेर ढकला.