अकरावीला बायो घेताय? आधी एक कांदा पाण्यात ठेवा

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गणित झेपत नाही ना, मग बायो घे. पाठ केलं की झालं." मला हे काकांनी सांगितलं. काकांनी स्वतः कॉमर्स केलंय. अकरावीच्या दिवाळीपर्यंत मी खरंच पाठ करत होते आणि पहिल्या सहामाहीत मला सत्तरपैकी एकतीस मार्क पडले. हा लेख त्या एकतीसमधून वर कशी आले त्याबद्दल आहे. म्हणजे तुमचे तरी ते चार महिने वाचतील.

मी तालुक्याच्या गावची, दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम. पेशी, केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक हे सगळं तोंडावर. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी पेशीची आकृती काढली आणि बाणांपुढे भराभर लिहीत गेले: न्यूक्लिअस, मायटोकाँड्रिया, एंडोप्लाज्मिक रेटिक्युलम. शेवटचा शब्द मी वहीत तीन वेळा खोडून लिहिला. शेजारची सेमीची मुलगी आरामात होती, आणि मला वाटलं आपल्याला काहीच येत नाही. खरं तर तो धडा मला येत होता, फक्त त्यातली पात्रं नाव बदलून आली होती. हे कळायला मला दोन महिने लागले.

म्हणून पहिली गोष्ट: दहावीचं मराठी पुस्तक रद्दीत देऊ नका. 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' टेबलावरच असू द्या. ग्रीकमध्ये मायटॉस म्हणजे धागा आणि काँड्रिऑन म्हणजे बारीक कण. आता 'तंतुकणिका' हा शब्द मोठ्याने म्हणून बघा. ज्यांनी तो घडवला त्यांनी तेच दोन तुकडे मराठीत आणून ठेवलेत. मायटोसिस म्हणजे एका पेशीच्या दोन होणं. त्यातही तोच धागा, म्हणून ते सूत्री विभाजन. मिओसिस म्हणजे कमी होणं. त्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, म्हणून अर्धगुणसूत्री. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मायटोसिस आणि मिओसिस हे जुळे भाऊ वाटतात आणि पेपरात त्यांची अदलाबदल होते. तुमच्याकडे अर्थासकट शब्द आहेत. जिम्नोस्पर्म म्हणजे उघडं बी, अनावृत्तबीजी. ऑटोट्रॉफ म्हणजे स्वयंपोषी. मी शंभर पानी वही घेऊन डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी आणि मध्ये तो शब्द फोडून, असं लिहायला लागले. बारावीच्या शेवटी वही भरली होती. माझ्या कुठल्याही क्लासच्या नोट्सपेक्षा ती जास्त कामाला आली.

आता कांद्याचं. बायोची माझी भीती खरी गेली ती मुळाच्या टोकात पेशींचं विभाजन बघायच्या प्रॅक्टिकलला. कांद्याची सुकलेली जुनी मुळं खरवडून काढायची आणि बूड जेमतेम टेकेल असा तो पाण्याच्या ग्लासवर ठेवायचा. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं सुटतात. आमच्या ओट्यावर तो ग्लास बघून आई म्हणाली, "हा कांदा असा का बसवलाय? पोह्याला घेऊ का?" सरांनी सांगितलं होतं की टोकं सकाळी कापा, विभाजन तेव्हा जोरात असतं. टोक म्हणजे शेवटचे दोन-तीन मिलिमीटरच. वरचा भाग घेतलात तर पेशी लांबुडक्या दिसतील, विभाजन दिसणार नाही. मग ती टोकं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात, नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये किंचित गरम, त्यावर अ‍ॅसिटोकार्मिन हा लाल रंग, वर कव्हरस्लिप ही पातळ काच, त्यावर टिपकागद आणि अंगठ्याने सरळ खाली दाब.

सरळ खाली, हे महत्त्वाचं. मी अंगठा जरा तिरपा नेला, कव्हरस्लिप सरकली आणि तडकली. दुसऱ्या स्लाइडमध्ये नुसते हवेचे बुडबुडे, काळी कडा असलेले, गोल गरगरीत. मी त्यांनाच पेशी समजून सरांना बोलावलं. तिसऱ्या स्लाइडला जमलं. बहुतेक पेशी नुसत्या लालसर ठिपक्याच्या, काहीच न करता बसलेल्या. स्लाइड हळू सरकवत गेले आणि एका चौकोनी पेशीत मधोमध लाल धाग्यांची रांग दिसली. मध्यावस्था, म्हणजे विभाजनातला मेटाफेज हा टप्पा. क्रोमोसोम (गुणसूत्र) म्हणजे रंग घेणारं अंग, हे पुस्तकात वाचलं होतं. तो रंग घेतलेला धागा समोर होता. कांद्यात असे सोळा असतात. मी मोजायचा प्रयत्न केला, नऊपर्यंत गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. भावनेचं नव्हे, एक डोळा मिटून बसल्याचं.

बहुतेक ठिकाणी हे प्रॅक्टिकल एका बाकावर पाच जणांत होतं आणि चार जण नुसते बघतात. तुम्ही पाचवे व्हा. जर्नल सीनियरकडून उतरवून काढायची परंपरा सगळीकडे आहे, मीही अर्धी तशीच काढली, नाही म्हणत नाही. पण स्लाइड स्वतः करा.

पुस्तकाबद्दल थोडं. आमच्या अकरावीला सोळा धडे होते, बारावीला पंधरा. शिकवायला बॉटनीचे सर वेगळे आणि झूलॉजीच्या मॅडम वेगळ्या, पण पुस्तक एक, पेपरही एकच. अकरावीत वर्गीकरण, ऊती आणि एक अख्खा धडा झुरळावर. तोंडाच्या भागांपासून मज्जासंस्थेपर्यंत झुरळ आम्ही तक्त्यावरच शिकलो. घरी ते दिसलं की अजूनही मला आधी मॅन्डिबल (त्याचा जबडा) आठवतो, मग चप्पल. वर्गीकरण कंटाळवाणं वाटेल. ते सोसा, पण आजूबाजूला बघत सोसा. जास्वंद उभी चिरून तिचे भाग मांडलेत की फुलाचा अर्धा धडा तिथेच होतो. शास्त्रीय नाव हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारायची, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान. मॅन्जिफेरा इंडिका (आंबा) बरोबर लिहूनही रेघेपायी माझा अर्धा मार्क गेला, तेव्हापासून चुकले नाही.

बारावीत आनुवंशिकतेचे दोन धडे ताकदीचे आहेत. गणित सोडलं म्हणून आकडेमोड सुटली असं वाटत असेल तर मेंडेलचं ९:३:३:१ हे दोन गुणांच्या संकराचं प्रमाण इथे वाट बघतंय. ते पाठ करू नका, सोळा चौकटी स्वतः आखा. सुरुवातीला दहा मिनिटं लागतात, पाचव्या वेळी दोन.

मानवी प्रजननाचा धडा आला की मागच्या बाकांवर खसखस सुरू होते. आमच्याकडे तर "घरी वाचून या" म्हणत तो दोन तासांत उरकला. वाचून याच, आणि नीट वाचा. पाळीचं चक्र मला अठ्ठावीस दिवसांच्या आलेखावर चार हार्मोन्स चार रंगांत काढल्यावर समजलं. तोवर पाच वर्षं ती मला येत होती आणि आत काय चालतं याचा पत्ता नव्हता.

परीक्षांचा हिशेब थोडक्यात. बोर्डाला थिअरी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. मेडिकलची प्रवेशपरीक्षा 'नीट', तिच्या १८० प्रश्नांपैकी ९० बायोचे, म्हणजे ७२० मधले ३६०, चुकलं की एक मार्क वजा. आमच्या सीईटीच्या (राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या) पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायो ग्रुपला बायो १०० मार्कांचं होतं, चुकीला दंड नाही. बोर्डाचं पुस्तक बालभारतीचं, 'नीट' एनसीईआरटीच्या (केंद्राच्या) पुस्तकांवर चालते. दोन्ही पुस्तकं सुरुवातीपासून शेजारी ठेवा. क्लासवाले सांगतात की नीटचं केलं की बोर्ड आपोआप होतं. मला हे पटत नाही. पर्यायाला टिक करणारा हात तीन मार्कांचं उत्तर लिहायला बसला की अडखळतो. बोर्डात आकृती पेन्सिलने, नावांच्या रेघा एकमेकींना न कापणाऱ्या, शक्यतो उजवीकडे. एवढ्यावरही मार्क हलतात.

आणि बायो म्हणजे एमबीबीएसच, हे डोक्यातून काढा. बीएएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, मायक्रोबायॉलॉजी असे कितीतरी रस्ते आहेत. मला नीटला हवे तेवढे मार्क नव्हते. महिनाभर रडले, मग सीईटीवर बीएस्सी अ‍ॅग्री केलं. आज केळीच्या ऊतिसंवर्धनाच्या (टिश्यू कल्चरच्या) प्रयोगशाळेत काम करते. बारावीत ते अर्ध्या पानात संपलं होतं. गणित सोडावं का, असं मुली मला विचारतात. निर्णय झाला नसेल तर ठेवा, पण नुसतं "दार उघडं राहावं" म्हणून ठेवणार असाल तर रोजचे दोन तास जाणार हेही धरून चाला. अ‍ॅग्रीला संख्याशास्त्र आलंच, ते मी नंतर शिकले.

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. माझ्या वाट्याला कांदाच. त्यांनी सूक्ष्मदर्शकात डोकावून विचारलं, "विच स्टेज?" मला शब्द सुचेना. दोन वर्षं रोज म्हटलेला शब्द. तोंडातून निघालं, "मध्यावस्था." ते मान वर करून बघायला लागले. म्हणाले, "आता इंग्रजीत." तेव्हा आठवला. मग त्यांनी विचारलं, "मध्यावस्था का म्हणतात?" म्हटलं, "सर, सगळे धागे मधोमध आलेत म्हणून." त्यांनी पुन्हा एकदा भिंगात पाहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.