लेझरच्या उजेडात हवेतले कण कसे बघायचे (खोक्याची मागची भिंत फसवते, ती आधी सांभाळा)

झाकणवालं खोकं, लेझर, स्टँडवर मोबाईल, आत सोडायला आगकाडीचा धूर, बास. लेझर 1 मिलीवॉटच्या आतला लाल घ्या, स्वस्त हिरवे पॉइंटर नकोच, काहींतून न दिसणारा इन्फ्रारेडही बाहेर पडतो. किरणाच्या रेषेत डोळा न्यायचाच नाही.

किरणासाठी समोरासमोर दोन भोकं, मोबाईलला आत बघायला बाजूला एक खिडकी. झालं.

आता खरी कटकट. जो तो सांगतो, आतून काळा कागद चिकटवा की काम झालं. अजिबात होत नाही! काळा कागदही थोडा उजेड परत फेकतोच, आणि धुराकडून येणारा उजेड इतका कमी असतो की त्यापुढे हा "थोडा" म्हणजे पूर. मी पंधरा दिवस जे बघून खूश होत होतो ते कण नव्हतेच, भिंतीवरून परत आलेला उजेड होता, धूर न सोडताही तस्साच दिसायचा. म्हणून पहिला फोटो नेहमी धुराशिवाय काढायचा, तो काळाकुट्ट येईपर्यंत पुढे जायचं नाही.

त्यासाठी किरण भिंतीवर आदळू न देता दुसऱ्या भोकातून बाहेर काढा, आणि तिथे काळ्या कागदाचा लांब, शेपटाकडे वाकवलेला शंकू लावा, उजेड आत आपटत आपटत मरतो. लेझरच्या बाजूला भोक पाडलेले दोन पुठ्ठे किरणाला आडवे ठेवा, भोक किरणापेक्षा जरा मोठं, किरण कडेला घासला की सगळं वाया. खिडकीसमोरच्या भिंतीला काळं मखमल. कंजूषपणा इथे करू नका.

मग आगकाडी विझवून तिचा धूर आत सोडा, मोबाईलचा फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. किरणात मधूनच चमकणारे ठिपके म्हणजे मोठी धूळ, सलग धुरकट रेघ म्हणजे धूर, त्याचे कण सुटे दिसत नाहीत. नॅनोकण (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजायचे, अतिबारीक कण) तर आणखी अवघड, उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा (त्याच्या लाटेच्या दोन शिखरांमधल्या अंतरापेक्षा) बऱ्याच लहान कणाचा व्यास निम्मा झाला की उजेड 64 पट कमी होतो, त्यामुळे "मोबाईलवर नॅनोकण मोजा" वगैरे व्हिडिओ सोडून द्या.

रेघ फिकी वाटली तर मोबाईल किरण जातो त्या टोकाकडे सरकवा, तिथून लेझरच्या बाजूला तिरकं बघू द्या (मोबाईलला, तुम्ही नाही), धूर पुढच्या दिशेला जास्त उजेड फेकतो. लेझरऐवजी पांढरा टॉर्च लावून बाजूने बघितलं तर बारीक धूर निळसर दिसतो, पाण्याची वाफ पांढरी.