कौलारू छपराचा वासा कसा आखायचा

मंगलोरी कौलं एकमेकांच्या खाचेत बसतात. एखादा वासा शेजारच्यापेक्षा अर्धा इंच वर राहिला, तरी तिथली कौलं नीट बसत नाहीत आणि आषाढात वाऱ्याबरोबर आलेलं पाणी बरोबर तिथूनच घरात उतरतं. नळ्याच्या कौलांना एवढंतेवढं चालून जायचं, यांना नाही. म्हणून हाताखालच्या पोरांना मी करवतीआधी गुण्या (काटकोनी मापपट्टी) देतो.

१६ फुटी खोली घेऊ. हे माप भिंतींवरच्या तुळयांच्या बाहेरच्या कडांमधलं. आढं (माथ्यावरचं आडवं लाकूड) मधोमध, म्हणजे एका पाख्याला, छपराच्या एका उताराला, आडवं अंतर ८ फूट. चढ १२ इंचाला ७ इंच धरा, साधारण ३० अंश. कोकणात याहून बसकं छप्पर मी करत नाही. वारा सांध्यातून पाणी वर ढकलतो.

आता लांबी. १२ चा वर्ग १४४, ७ चा ४९, बेरीज १९३, वर्गमूळ १३.८९, म्हणजे १३ इंच ७ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दर आडव्या फुटाला वासा एवढा लागतो. ८ फुटांचे झाले ९ फूट ३ इंच १ सूत. वळचण २ फूट बाहेर काढायची तर आणखी २७ इंच ६ सूत. १२ फुटी लाकूड पुरतं, टोकं फुटलेली नसली तर. ऐन किंवा किंजळ चांगलं, पण सुकलेलंच घ्या.

लाकूड डोळ्यासमोर धरून बाक बघा. बाकाची बाजू वर. मोठा लोखंडी गुण्या वाशाच्या वरच्या कडेला असा लावा, की एका हातावरचा १२ आणि दुसऱ्यावरचा ७ कडेवर येतील. ७ च्या हाताने ओढलेली रेघ ओळंब्यात, म्हणजे वासा चढवल्यावर सरळ उभी येते, १२ च्या हाताची पाणसळीत, म्हणजे आडवी. वरच्या टोकाला ओळंब्याची पहिली रेघ, तिथून कडेने ९ फूट ३ इंच १ सूत मोजून दुसरी. दुसरी रेघ तुळईच्या बाहेरच्या अंगावर येते. तिथेच खाच: पाणसळीत अडीच इंचांची टेक, म्हणजे कडेपासून सव्वा इंच खोल. ४ इंची वाशाला एवढीच झेपते. एक तृतीयांशाच्या पुढे कोरलं की वासा तिथेच मोडतो.

आढं ३ इंची असेल आणि वासे त्याच्या दोन्ही अंगांना टेकणार असतील, तर पहिल्या रेघेपासून पाणसळीत दीड इंच आत आणखी एक ओळंब्याची रेघ मारून तिथे कापा. वासे आढ्यावर चढवून एकमेकांत अर्धे कोरणार असाल, तर ही वजावट करू नका.

आढ्याची उंची नीट समजून घ्या, नवशिके इथेच फसतात. फुटाला ७ इंच, तर ८ फुटांना ५६ इंच चढ. म्हणून आढ्याची वरची कड ५६ इंचांवर ठेवतात आणि सगळे वासे आढ्याच्या वर डोकं काढतात. खाचेवर ओळंब्यात उरलेलं लाकूड त्या ५६ इंचांत मिळवायचं असतं. आपल्या वाशात ते ३ इंच १ सूत. त्यातून आढ्याच्या अर्ध्या जाडीचा चढ, ७ सूत, वजा करा. तुळईच्या माथ्यापासून ५८ इंच २ सूत आले.

आधी दोनच वासे कापा, समोरासमोर लावून बघा. टेक तुळईवर पूर्ण बसली, वरचा सांधा फटीशिवाय मिटला, तर त्यातला एक नमुना ठरवून त्यावर खूण करा. बाकीचे सगळे त्याच्यावरूनच आखा. आत्ता कापलेल्या वाशावरून पुढचा आखायचा मोह आवरा. दर वेळी पेन्सिलीची जाडी वाढत जाते आणि विसावा वासा वेगळ्याच मापाचा निघतो.

वळचणीची टोकं जमिनीवर कापू नका. सगळे वासे खिळवून झाल्यावर दोन टोकांच्या वाशांवर सुतळी ताणा, प्रत्येकावर ओळंब्यात रेघ मारा आणि मग करवत लावा.