कॅम्पर व्हॅनमधल्या गॅस गीझरचं पाणी कधी उकळतं, कधी गार का?

बेळगाव-खानापूरकडच्या डिसेंबरात पहाटेचं टाकीतलं पाणी २० अंशांच्या खाली जातं. टाकी नसलेला गीझर पाणी साठवत नाही, वाहतं पाणी तापवतो. आच तीच ठेवून प्रवाह निम्मा केला, तर तापमानातली वाढ जवळजवळ दुप्पट होते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॅट उष्णता लागते.

म्हणून आधी पाण्याचा नॉब मधोमध ठेवा, नळ पूर्ण उघडा आणि गॅसचा नॉब वाढवत ४० अंशांच्या आसपास आणा. गार पाण्याचा नळ उघडून मिसळू नका. तिथंच सगळा घोटाळा होतो: गीझरमधला प्रवाह घटतो, पाणी चटका देतं किंवा ज्योतच विझते.

पाणी आलटून-पालटून गरम-गार येत असेल तर गीझरला दोष देण्याआधी पंप ऐका. १२ व्होल्टचा पंप चालू-बंद होत असेल, तर त्याच्या पुढं एक लिटरची दाबटाकी (पाण्याचा दाब सारखा ठेवणारी छोटी टाकी) बसवा. बारीक छिद्रांचा शॉवरही प्रवाह अडवतो. ठिणगीच पडत नसेल तर सेल बदला.

बोअरच्या जड पाण्यानं आतल्या नळीत क्षार धरतात, मग धार बारीक होते. गॅस बंद करून व्हिनेगर फिरवा, नंतर भरपूर साधं पाणी सोडा.

उघड्या धुराड्याचा, म्हणजे जळालेला वायू आजूबाजूच्याच हवेत सोडणारा गीझर व्हॅनच्या आत लावूच नका, खिडकी उघडी असली तरी. त्या वायूतल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.