घरात एकाला कोळंबी बाधत असेल तर मालवणी स्वयंपाक असा सांभाळा

"थोडी थोडी खायला दे, सवय होईल" हा सल्ला आमच्या वाडीत हमखास मिळतो. सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. घरच्या घरी ॲलर्जी अशी मोडत नाही. मागच्या वेळी नुसत्या गांध्यांवर भागलं म्हणून पुढच्या वेळीही तेवढ्यावर भागेल, असं अजिबात नाही.

१. नक्की काय बाधतं ते शोधा. "मासळी चालत नाही" एवढं पुरत नाही. कोळंबी, कुर्ल्या, शेवंड एका गटातल्या, तिसऱ्या-कालवं ही शिंपल्यातली दुसऱ्या गटात, सुरमई-पापलेट हे मासे तिसऱ्या गटात. कोळंबी न चालणारी कित्येक माणसं पापलेट खुशाल खातात. काय खाल्लं आणि किती वेळाने त्रास झाला ते लिहून डॉक्टरांकडे न्या. नुसता तपासणीचा कागद बघून निम्मं ताट बंद करू नका. आणि बांगडा खाऊन पंगतीतल्या तिघाचौघांचे चेहरे एकदम लाल झाले, तर संशय ॲलर्जीवर नको, बांगड्यावर घ्या. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन हा ॲलर्जीसारखाच त्रास देणारा पदार्थ तयार होतं आणि ते शिजवून जात नाही.

२. बाजारातून मासे अख्खे आणा, घरच्या विळीवर कापा. बाजारातल्या विळीला कोळंबीही लागलेली असू शकते.

३. आता स्वयंपाकघर. मला सगळ्यात जड गेलं ते हेच. ओली कोळंबी डोळ्यांना दिसते, दगा देते ती सुकी. वांग्यात मूठभर सोडे, चटणीत जवळा, पावसाळ्यात तर कशातही सुकट. "चांगलं कढवलं की काही होत नाही" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उकळून, तळून, वाळवूनही टिकतं. रश्श्यातून सोडे वेचून बाजूला काढले तरी रस्सा तोच राहतो.

जवळा भाजताना उठणाऱ्या वाफेनेही काहींना धाप लागते. भाजायचाच तर परसातल्या चुलीवर, ते माणूस घरात नसताना.

तळताना आधी त्याचं पापलेट, मग बाकीच्यांची कोळंबी. उलट क्रम चालणार नाही, कारण तेल, तवा, कालथा सगळं तेच असतं. कोळंबी घोळवून उरलेला रवा परत डब्यात ओतायची काटकसर तर मुळीच नको. मिक्सरच्या झाकणाचं रबर काढून बघा, कडेला सुकटीच्या चटणीची लाल रेघ सापडेल. मी त्या चटणीचं भांडंच वेगळं ठेवलंय. खरं तर सुकट घरातून हद्दपार करणं सगळ्यात सोपं. सासूबाई रुसतील, मग शेजारी जाऊन खातील.

४. खानावळीत "कोळंबी आहे का?" विचारू नका. थाळीत नसली की "नाही" म्हणून मोकळे होतात. भाजीत सोडे-सुकट घातलीय का आणि मासे कुठल्या तेलात तळता, असं विचारा. उत्तर देताना माणूस आत बघायला लागला, तर वरण-भातावर भागवा.

५. काजू बाधत असेल तर पिस्तेही टाळा. काजूची टरफलं फोडताना तेल लागून हाताला फोड येतात, ते प्रकरण वेगळं. पाकिटावर ॲलर्जीची सूचना छापलेली असते, ती वाचा.

६. त्रास झालाच तर. अंगावर पित्त उठलं की आपल्याकडे आमसुलाचा आगळ चोळतात. नुसती खाज असेल तर चोळा बापडे. पण आवाज घोगरा झाला, गिळता येईना, धाप लागली, चक्कर आली, तर आगळही नको आणि सेट्रिझिनच्या गोळीची वाट बघणंही नको. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. जवळच्या दवाखान्यात ते असतं का, हे आजच विचारून ठेवा. घरी ठेवायचं का आणि कसं द्यायचं, तेही डॉक्टरांकडून शिकून घ्या. 108 ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, धाप असेल तर बसतं ठेवा, पण रिक्षापर्यंत चालवत नेऊ नका. इंजेक्शनने तरतरी आली तरी लगेच घरी आणायची घाई करू नका. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.