नसबंदीनंतर पाळी चुकली तर : ऑपरेशनवर किती भरवसा ठेवावा आणि काय सांभाळावे

कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या हजार बायकांपैकी साधारण पाचजणींना पहिल्या वर्षातच दिवस जातात. दहा वर्षांचा हिशेब धरला तर हा आकडा अठराच्या आसपास जातो. अमेरिकेत १०,६८५ बायकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून हे आकडे आले. ऑपरेशन भरवशाचे आहे यात शंका नाही. रोजच्या वापरात गोळ्या घेणाऱ्या शंभरांपैकी सातजणींना आणि निरोधावर राहणाऱ्या शंभरांपैकी तेराजणींना वर्षभरात दिवस जातात. पण पहिले वर्ष सुखरूप गेले म्हणजे धोका संपला असे मात्र नाही. आठव्या-नवव्या वर्षीही बंद केलेली गर्भनलिका (बीज गर्भाशयात नेणारी नळी) उघडू शकते, आणि तेव्हा ही शक्यता कुणाच्याच मनात येत नाही.

ऑपरेशन कोणते, त्यावरही अवलंबून

आपल्याकडे दोन पद्धती जास्त चालतात. पहिलीत पोटाला लहान चीर देऊन गर्भनलिकेचा वेढा वर ओढतात, विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधतात आणि वेढ्याचा सुमारे एक सेंटिमीटर तुकडा कापून काढतात. दोरा विरघळला की दोन्ही टोके एकमेकांपासून दूर होतात. दुसरी दुर्बिणीची. तीत नळीच्या वेढ्यावर सिलिकॉनची छोटी रिंग चढवतात. वर सांगितलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर लगेच तुकडा काढलेल्या हजार बायकांत दहा वर्षांत ७.५ गर्भधारणा झाल्या. रिंगच्या बाबतीत हा आकडा १७.७ होता. सिझेरियन ठरलेच असेल आणि पुढे मूल नको असेल, तर त्याच वेळी ऑपरेशन करून घेणे हिताचे. तेव्हा दोन्ही नळ्या पूर्ण काढता येतील का, हेही आधी विचारून ठेवा. पूर्ण नळी काढली तर गर्भ राहण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

वय कमी असेल तर धोका वाढतो. त्याच अभ्यासात अठ्ठावीस वर्षांखालच्या बायकांत विजेने नळ्या जाळण्याच्या पद्धतीचे अपयश हजारामागे पन्नासच्या वर गेले. पंचविशीत निर्णय घेत असाल तर दहा वर्षे चालणारी तांबी बसवावी की ऑपरेशन करावे, हे शांतपणे ठरवा. पहिल्या वर्षात तांबी हजारांत आठजणींना दगा देते. ऑपरेशनशी तुलना करता फरक फार नाही, आणि हवी तेव्हा ती काढता येते. पुरुष नसबंदी तर याहूनही भरवशाची आणि सोपी आहे. मात्र तीन महिन्यांनी वीर्य तपासून शुक्राणू नाहीत याची खात्री होईपर्यंत तिच्यावर विसंबायचे नसते.

फसते ते कुठे

सर्वांत सहज टाळता येणारे कारण म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी आधीच गर्भ राहिलेला असणे. पाळी येऊन पंधरा-वीस दिवस झालेले असतात, लघवीच्या तपासणीत अजून काही दिसत नाही, आणि महिन्याभराने नसबंदी फसली म्हणून ओरड होते. यावर उपाय तारीख पाहण्याचा आहे. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत ऑपरेशन करून घ्या. बाळंतपणानंतर चीर देऊन करायचे तर तेही सात दिवसांत. ते हुकले तर सहा आठवडे थांबा. बाळंतपणानंतर लगेच नळ्या जाड आणि सुजलेल्या असतात, त्यांवर रिंग नीट बसत नाही. गर्भपातासोबत ऑपरेशन त्याच वेळी करता येते. चतुर्थी उरकून जाऊ म्हणून तारीख पुढे ढकललीत, तर पुढच्या पाळीची वाट पाहा; महिन्याच्या मध्यावर जाऊ नका.

दुसरे कारण म्हणजे नळी समजून शेजारचा, गर्भाशयाला धरून ठेवणारा गोल बंध बांधला जाणे. नळीच्या टोकाला झालर असते. ती झालर दिसेपर्यंत नळी पाहणे ही सर्जनची जबाबदारी आहे. रिंग अर्धवट बसणे किंवा निसटणे हे तिसरे. चौथ्यावर कुणाचाच इलाज नाही : कापलेली टोके आपोआप जोडली जातात किंवा बाजूला बारीक वाट तयार होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घागर उचलल्याने, शेतात वाकून काम केल्याने किंवा खाण्यापिण्याने गाठ सुटत नाही. ऑपरेशननंतर दिवस गेले म्हणून बाईच्या चारित्र्यावर संशय घेणे हा तर उघड अन्याय आहे. असे घरात घडताना दिसले तर नवऱ्याला हेल्थ सेंटरच्या डॉक्टरांसमोर बसवा आणि त्यांच्याच तोंडून हे आकडे ऐकवा.

जाताना आणि परतताना

सरकारी नियमांप्रमाणे वय २२ ते ४९ असावे, किमान एक मूल वर्षाहून मोठे असावे आणि हिमोग्लोबिन सातच्या खाली नसावे. नवऱ्याची सही लागत नाही, तुमचीच पुरते. शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून न्या. अंदाजाने सांगू नका. गोळ्या चालू असतील तर पाकीट संपवा. तांबी असेल तर ती कधी काढायची हे आधी ठरवून घ्या.

सुटी मिळताना कार्ड वाचल्याशिवाय उठू नका. त्यावर पद्धत कोणती आणि ‘दोन्ही बाजू’ झाल्या का, हे लिहिलेले हवे. जुन्या सिझेरियनमुळे आत चिकटून एखादी नळी सापडलीच नाही, असे घडते. मग तेही स्पष्ट लिहून घ्या आणि दुसरे साधन सोडू नका. तुकडे तपासणीला पाठवले असतील तर त्याचा रिपोर्ट मागा.

नळ्या त्याच दिवशी बंद होतात. तरी आधी सुटलेले बीज पुढे गेलेले असू शकते, म्हणून पहिली पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. पाळी ठरल्या तारखेला आली नाही तर लगेच तपासा. महिन्याभराने किंवा पहिल्या पाळीनंतर, यातले जे आधी होईल तेव्हा, नसबंदीचा दाखला घेऊन या. बाळाला अंगावर पाजत असाल तर पाळी कित्येक महिने येत नाही. तेव्हा मळमळ, स्तन जड होणे अशा खुणांवर लक्ष ठेवा आणि शंका येताच तपासणी करा.

पाळी चुकली तर

इथे वेळ घालवू नका. ऑपरेशननंतर राहिलेल्या दर तीन गर्भांपैकी सुमारे एक गर्भाशयाबाहेर, बहुधा नळीतच, वाढतो. वाट अरुंद झालेली असते, गर्भ तिथेच अडकतो. नळी फुटली तर पोटात रक्त साचते आणि काही तासांत जीव धोक्यात येतो.

तारीख टळली की दोन-तीन दिवसांत औषधाच्या दुकानातून किट आणा आणि सकाळची पहिली लघवी तपासा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती ‘आहे’ असेच धरा. काही दिसले नाही आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा. किट होकार देत असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करा आणि ऑपरेशन झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा. गर्भाशयात काही दिसत नसेल तर रक्तातील बीटा एचसीजी (गर्भ राहिल्यावर वाढणारे संप्रेरक) तपासून ४८ तासांनी पुन्हा तपासतात. लवकर कळले तर काही वेळा इंजेक्शनवर भागते. उशीर झाला तर पोट उघडावे लागते.

जास्त चुका होतात त्या चाळिशीनंतर. पाळी चुकली की ‘जाण्याची वेळ आली’ म्हणून सोडून देतात. थोडे डाग दिसले तर पाळी आली असे समजतात. शिगमो-जत्रेच्या धावपळीत ओटीपोट दुखले तर कामाने दुखले म्हणतात. एका बाजूला वाढत जाणारी कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, चक्कर, घेरी यांपैकी काहीही दिसले तर किटची वाट पाहू नका. १०८ बोलवा. गोव्यात बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापशाचे जिल्हा हॉस्पिटल (आझिलो), मडगावचे जिल्हा हॉस्पिटल (पूर्वीचे हॉस्पिसियो), जे जवळ असेल तिथे जा. काणकोण किंवा सत्तरीच्या टोकाला असाल तर दुखणे वाढण्याआधीच निघा, कारण वाटेतच तास-दीड तास जातो.

गर्भ गर्भाशयातच असेल तर तो ठेवायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. ऑपरेशनमुळे बाळात व्यंग येत नाही. नको असेल तर साधन फसणे हे गर्भपाताचे कायदेशीर कारण आहे आणि वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते.

सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात ऑपरेशन झाले असेल तर ते फसल्याबद्दल ६०,००० रुपयांची भरपाई मिळते. अर्ज समजल्यापासून ९० दिवसांत करायचा असतो आणि जिथे ऑपरेशन झाले तिथूनच तो पुढे जातो. नसबंदीचा दाखला, संमतिपत्राची प्रत, सुटीचे कार्ड आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट लागतो. म्हणून गर्भपात करायचा असला तरी आधी सोनोग्राफीचा छापील रिपोर्ट हातात घ्या. ऑपरेशन फसले एवढ्यावरून डॉक्टरचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले आहे. भरपाईच्या अर्जात मात्र कुणाची चूक सिद्ध करावी लागत नाही.