हेवी लायसन काढायला निघण्याआधीची तयारी

सुट्टीवर गावी आलो की कुणाचा ना कुणाचा पोरगा ओट्यावर येऊन बसतो. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलतो आणि मग मूळ प्रश्न काढतो, "काका, हेवी लायसन, म्हणजे ट्रकसारख्या अवजड गाडीचं लायसन, किती दिवसांत हातात येईल?" प्रत्येकाला मी जे तोंडी सांगतो, ते आता एकदा नीट लिहून काढतोय.

आधी दिनदर्शिका बघा. मालवाहू गाडी चालवायला वय २० पूर्ण लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्यानुसार हलक्या गाडीचं, म्हणजे एलएमव्ही लायसन हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. त्याआधी ट्रान्सपोर्टचं, म्हणजे धंद्याची गाडी चालवायचं, शिकाऊ लायसनही मिळत नाही. तेव्हा अठरा झाल्या झाल्या एलएमव्ही काढून ठेवा. पूर्वी आठवी पासची अट होती, २०१९ मध्ये ती निघाली. शाळा अर्धवट सुटली म्हणून कुणी मागे फिरायचं कारण नाही. पण वाचता येत नसेल तर आधी वाचायला शिका. रस्त्यावरच्या पाट्या, बिल्टी म्हणजे मालाची पावती, आणि ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, हे रोजच वाचावं लागतं, आणि दुसऱ्याच्या भरवशावर सही करणारा ड्रायव्हर केव्हातरी अडकतोच.

हे मधलं वर्ष वाया घालवू नका. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते. म्हणजे वय २० पूर्ण असेल तर छोटा हत्ती किंवा पिकअपवर वर्षभर काम करता येतं. मंडईत पहाटे माल पोचवणं, अरुंद गल्लीत गाडी मागे घेणं, ताडपत्री ताणून दोर बांधणं हे सगळं तिथे शिकून होतं. पिकअपवर घासून आलेला पोरगा आणि थेट शाळेतून ट्रकवर बसलेला पोरगा, दोघांचे हात पहिल्याच दिवशी वेगळे दिसतात.

कागद गोळा करताना नावाकडे नीट बघा. आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि एलएमव्ही लायसन या तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी हवी. एका ठिकाणी 'दत्तात्रय' आणि दुसऱ्या ठिकाणी 'दत्ता' असेल तर आधी ते दुरुस्त करा, अर्ज नंतर भरा. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा, कारण सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या सरकारी संकेतस्थळावर, ओटीपी त्याच नंबरवर येतो. जुन्या पुस्तकी लायसनची नोंद पोर्टलवर दिसत नसेल तर ज्या आरटीओने ते दिलं तिथे जाऊन बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन, करून घ्या. पासपोर्ट फोटो आणि पत्त्याचा पुरावा तर लागतोच.

डॉक्टरांचा दाखला, म्हणजे नमुना १-अ, ट्रान्सपोर्टसाठी वय कितीही असलं तरी लागतो. आरटीओच्या दारात बसून दोन मिनिटांत सही मारून देणारे भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. खऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे जा, दूरची नजर तपासा आणि रात्रीचं कमी दिसतं का हे मुद्दाम विचारा. चष्मा लागला तर लागला, चष्मा लावून लायसन मिळतं. समोरच्या गाडीचे हेडलाइट डोळ्यांवर आल्यावर कडेने चाललेला सायकलवाला ज्याला दिसत नाही, त्याला तो दाखला वाचवत नाही आणि सायकलवाल्यालाही नाही.

आता ट्रेनिंग. ट्रान्सपोर्टच्या अर्जासोबत मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ५ लागतो. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि पक्की टेस्ट ते मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच देता येते. हा महिना शिकण्यासाठी दिलेला आहे. बरीच पोरं तो घरी बसून काढतात आणि शेवटच्या दिवशी पैसे मोजून नमुना ५ उचलून आणतात. मीही तसाच आणला होता. टेस्टला गाडी पुढे-मागे केली, पास झालो, आणि पुढच्याच आठवड्यात भरलेल्या सहा चाकीवर बसलो तेव्हा कळलं की आपल्याला काहीच येत नाही. ती भीती अजून विसरलो नाही, म्हणूनच हे लिहायला बसलोय.

दुसरी वाट मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राची. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथला मध्यम आणि अवजड वाहनांचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो. तिथे पास झालेल्याला आरटीओत वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. जवळपास असं केंद्र असेल आणि पैशांची जुळवाजुळव होत असेल तर मी तिथेच जायला सांगेन. नसेल, तर स्कूल निवडताना तीन गोष्टी विचारा. शिकवायची हेवी गाडी स्वतःच्या मालकीची आहे का? शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक-क्लच आहे का? आणि रोज किती वेळ स्टिअरिंग माझ्या हातात राहील? तिसऱ्या प्रश्नावर मालक हसायला लागला तर उठून या.

तुमच्यातले बरेच जण क्लीनर म्हणून लागतील आणि उस्तादाकडून शिकतील. त्यात वाईट काही नाही, आमची पिढीच्या पिढी तशी तयार झाली. फक्त शिकाऊ लायसन खिशात असल्याशिवाय आणि पक्कं लायसन असलेला माणूस शेजारी असल्याशिवाय चाकाला हात लावू नका. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. मध्यरात्री उस्ताद मागे झोपलेत आणि क्लीनर भरलेली गाडी चालवतोय, हे मी हायवेवर खूपदा बघितलंय. अशा वेळी अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो, गुन्हा तुमच्या नावावर चढतो आणि कामाचं आयुष्य सुरू होण्याआधीच कोर्टाच्या तारखा सुरू होतात.

टेस्टमध्ये चढावर थांबून गाडी मागे न सरकवता पुन्हा उचलणं, रिव्हर्स घेणं, वेळेवर सिग्नल देणं आणि आरसे बघणं हे सगळं तपासतात. सरावाने ते जमतं. त्यापलीकडच्या गोष्टी मात्र स्वतः मागून शिकून घ्या. डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आत कापतात. तिथेच दुचाकीवाला चिरडला जातो. शिकवणाऱ्याला खाली उभं करा, केबिनच्या डाव्या बाजूने चालायला सांगा आणि तो कुठल्या जागी आरशातून नाहीसा होतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. अर्धा भरलेला टँकर ब्रेक मारल्यावर आतल्या द्रवाच्या लाटेने पुढे ढकलला जातो, म्हणून पूर्ण भरलेल्यापेक्षा तो कधी कधी जास्त अवघड जातो. उंच रचलेला भुसा किंवा कापूस वळणावर गाडी कलंडवतो. हे ज्याच्याकडे शिकताय त्याला खोदून खोदून विचारा.

आणि घाट. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका अवजड गाडीने अनेक वाहनांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं तेव्हा प्राथमिक तपासात पुढे आलं. ज्यांनी एअर ब्रेकची गाडी चालवलीय त्यांना यातला धोका लगेच कळतो. हवेची टाकी भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद झालं की टाकीत उरलेली हवा तेवढीच, आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की ती कमी होत जाते. पॉवर स्टिअरिंगही इंजिनवरच असतं, त्यामुळे ते दगडासारखं जड होतं. नुसतं न्यूट्रल केलं तरी इंजिनचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे येतानाचं एस वळण असो, बोरघाट असो नाहीतर कसारा, नियम एकच: ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवायची. गिअर उतार लागण्याआधी टाकायचा. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक, वापरायचा. ब्रेक सतत दाबून न ठेवता वेग कमी करून सोडायचा.

पोरं न्यूट्रल का करतात, तेही सांगतो. मालक खेपेला डिझेल मोजून देतो आणि ड्रायव्हरला दोन लिटर वाचवायचे असतात. पण नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना, उतारावर डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं डिझेल जातच राहतं. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावला, ती बचतही होत नाही. म्हणून नोकरी धरण्याआधी पगार, भत्ता आणि डिझेलचा हिशेब कसा होणार ते मालकाला तोंडावर विचारा. घाटाच्या रस्त्यालाही सपाटीइतकंच डिझेल मोजणाऱ्या मालकाकडे राहू नका.

रसायनांच्या किंवा इंधनाच्या टँकरवर जायचं असेल, म्हणजे लोटे, तळोजा, कुरकुंभ, पानेवाडी असल्या ठिकाणचा माल भरायचा असेल, तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि त्याची लायसनवर नोंद वेगळी लागते. साधं ट्रान्सपोर्ट लायसन पाच वर्षं चालतं, ही नोंद असलेलं तीनच वर्षं, आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाची उजळणी करावी लागते. तिथे ट्रेम कार्ड, म्हणजे त्या मालाचं आणीबाणीचं माहितीपत्रक, वाचायला शिकवतात. गळती झाली तर पाणी मारायचं की मारायचं नाही, हे त्या कार्डावर असतं.

पहिल्या खेपेच्या आदल्या दिवशी मालकाकडून आरसी, फिटनेस, विमा, परमिट आणि पीयूसीच्या प्रती फोनमध्ये घ्या. डिजिलॉकरमधले कागद चालतात, पण चार्जर विसरू नका. वजनकाट्याची पावती स्वतः बघा. २०१८ पासून दोन ॲक्सलच्या सहा चाकीला एकूण १८.५ टनांपर्यंत परवानगी आहे, तरी आरसीवर जो आकडा आहे तोच आपला. जादा भरलं तर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४०,०००. चालवणारा आणि चालवायला लावणारा, कायदा दोघांनाही धरतो.

सकाळी गाडीभोवती एक फेरी मारा. टायर ठोकून बघा, नट बघा, तेल, पाणी, बेल्ट, दिवे बघा, हवेच्या टाकीतलं साचलेलं पाणी सोडा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पहाटे दोन ते पाच डोळा लागतोच, त्या वेळी ढाब्यावर गाडी लावा आणि मालकाचा फोन आला तरी झोपा.

अपघात झालाच, तर जखमीला दवाखान्यात पोचवण्याची सोय करणं आणि पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवणं ही ड्रायव्हरची कायद्याने जबाबदारी आहे. जमाव मारेल असं वाटलं तर जवळचं पोलीस ठाणं गाठा, पण ११२ ला फोन आधी लावा. घरचे दोन नंबर आणि रक्तगट एका कागदावर लिहून लायसनच्या मागे ठेवा. आणि लायसन हातात पडलं की त्याच संध्याकाळी, त्याची मुदत कधी संपते ती तारीख घरच्या कपाटाच्या दारावर आतून खडूने लिहा. तुम्ही रस्त्यावर असाल तेव्हा आई नाहीतर बायको ती वाचून आठवण करेल.